एसी बायकोला की इंजिनाला?

"वहिनी, काल रात्री तो आवाज ऐकलात का?"

"घुर्रर्र? ऐकला की! मला वाटलं, लॉनवाले आता रात्रपाळीलाही यायला लागले."

"लॉनवाले कसले! व्हॅक्यूम पंप होता. कोपऱ्यावरच्या त्या नागपूरच्या मुलाच्या गॅरेजात. आणि चालवत कोण होतं, तर आमचे हे."

आमच्या दोन घरांमधल्या कुंपणाची एक फळी 'बेरिल' वादळाने पाडली, जुलै २०२४ मध्ये. ह्यूस्टनच्या पश्चिमेला या केटी गावात जिकडेतिकडे सहा फुटी लाकडी कुंपणं. पलीकडचं माणूस दिसेल तर शपथ. त्यामुळे ती फळी परत ठोकायचा विषय घरात निघाला, की वहिनींना आणि मला नेमकं दुसरंच काहीतरी महत्त्वाचं आठवतं.

"भाऊजी? आणि गाड्यांच्या भानगडीत?"

"गाड्यांच्या नव्हे, एसीच्या. जन्मभर मोठमोठ्या इमारतींचे एसी केले. रिटायर झाल्यापासून कुणी काही विचारायला येईना, तर घरच्या फ्रिजलाच थर्मामीटर लावून बसायचे. त्यात हा पोरगा आला आणि म्हणाला, काका, गाडीच्या एसीतून एक फाटा काढून इंजिनाला देता येईल का? झालं! आता घरी येतात ते फक्त जेवायला."

"इंजिनाला एसी? अहो, इथे माणसांना पुरेना!"

"त्याच्या बायकोचं म्हणणं अगदी हेच. पण ऐका तर."

गाडी कुठली ते आधी सांगायला हवं. जुनी कॅडिलॅक, सीटीएस-व्ही. २००९ ते २०१५ मध्ये निघायची त्यातली. बाहेरून अगदी बँकेच्या मॅनेजरला शोभेल अशी, आणि बोनेटखाली ६.२ लिटरचं आठ सिलिंडरांचं इंजिन, त्यावर सुपरचार्जर, ताकद ५५६ हॉर्सपॉवर. हे मला हौसेने पाठ झालेलं नाही. आमच्याकडे हल्ली पोळीबरोबर हेच वाढलं जातं.

"सुपरचार्जर म्हणजे इंजिनात हवा कोंबायचा पंप," मी म्हटलं. "जास्त हवा, जास्त पेट्रोल, जास्त ताकद. पण हवा दाबली की तापते. पंपातून निघताना शंभर सेल्सियसच्याही वर जाते. तापली की विरळ होते, म्हणजे कोंबल्याचा फायदा तिथेच कमी. शिवाय पेट्रोल नको तेव्हा पेटायची भीती, नॉकिंगची. ते टाळायला गाडीतला कॉम्प्युटर आपणहून टायमिंग मागे घेतो आणि ताकद कापतो."

"मग कॅडिलॅकवाल्यांना हे कळलं नव्हतं होय?"

"कळलं होतं ना. सुपरचार्जरच्या झाकणाखालीच इंटरकूलर दिलाय. त्यातून पाणी खेळतं, ते पुढच्या छोट्या रेडिएटरमध्ये येऊन वाऱ्यावर निवतं आणि परत जातं. पण वारा कुठला? आपल्या ऑगस्टातला! बाहेर शंभर फॅरनहाइट, म्हणजे अडतीस सेल्सियस. त्या वाऱ्याने पाणी अडतिसाच्या खाली जाईलच कसं? त्यात आय-१० हायवेवर ट्रॅफिकमध्ये अडकलं, की बोनेटखाली सगळंच भाजून निघतं. डिसेंबरात पाठ सीटला चिकटवणारी गाडी ऑगस्टात सिग्नलवरून कण्हत निघते, असं तो म्हणतो."

वहिनींनी पाण्याचा पाइप खाली टाकला. म्हणजे आता मला वेळ होता.

"तर ह्यांच्या हातात जे काम आलंय ते असं. एक स्टीलचा ठोकळा असतो, जाड पुस्तकाएवढा. आत पातळ पत्रे एकावर एक. पत्र्याच्या एका अंगाने एसीचा गॅस, दुसऱ्या अंगाने इंटरकूलरचं पाणी. दोघं एकमेकांत मिसळत नाहीत, पाण्यातली उष्णता तेवढी गॅस उचलून नेतो. याला चिलर म्हणायचं. कॉम्प्रेसर गाडीचाच, कंडेन्सर गाडीचाच. एक्स्पान्शन व्हॉल्व्ह तेवढा आणखी एक, आणि दोन फाट्यांवर विजेवर उघडझाप करणारे व्हॉल्व्ह. थंडावा हवा तर बसलेल्यांना द्या, हवा तर पाण्याला. पाणी दहा सेल्सियसपर्यंत सहज उतरतं."

"म्हणजे बायको घामाघूम आणि इंजिन गारेगार!"

"एका मोटार कंपनीनेसुद्धा हेच केलं होतं, वहिनी. डॉजने २०१८ सालची चॅलेंजर डीमन काढली, फक्त ३,३०० गाड्या. चांगल्या पंपाच्या पेट्रोलवर ८०८ हॉर्सपॉवर, शर्यतीच्या पेट्रोलवर ८४०. शर्यतीला उभी केली की एसीचा गॅस आतल्या माणसांना सोडून इंटरकूलरच्या पाण्याकडे वळायचा. आणि शेजारची सीटच नव्हती! हवी असेल तर एक डॉलर जादा भरा."

"एक डॉलर? बायकोची किंमत एवढीच?"

"मागची सीट हवी तर आणखी एक डॉलर."

"ती सासूची," वहिनी म्हणाल्या, आणि आम्ही दोघीही इतक्या हसलो की त्यांचा कुत्रा भुंकायला लागला.

पण ह्यांचं हिशोबाचं पान मला दाखवायचंच होतं. हिशोब केलाय कशावर, तर त्या मुलाला एचओएने, म्हणजे आमच्या सोसायटीने, धाडलेल्या पत्राच्या पाठीवर. ड्राइव्हवेत गाडी जॅकवर उभी केल्याबद्दल. मी ते फ्रिजवर लावून ठेवलंय. सोसायटीच्या पत्राचा इतका चांगला उपयोग आजवर कुणी केला नसेल.

"बघा, गाडीचा एसी दमदार चालला तर पाचेक किलोवॉट उष्णता ओढतो. आणि ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला की ती कोंबलेली हवा पाण्यात उष्णता ओतते पंचवीसेक किलोवॉट."

"मग पुरणार कसं?"

"पुरतच नाही! हे ऐकल्यावर मीही म्हटलं, मग चाललंय काय तुमचं? तर म्हणाले, हा थंडावा लागेल तसा करायचा नसतोच, आधी साठवून ठेवायचा असतो. डिकीत टाकी बसवायची. सगळं मिळून बारा लिटर पाणी. ते चाळिसावरून दहावर आणायला एसीला पाच मिनिटं लागतात. आणि शर्यतीत तेच पाणी एका मिनिटात परत चाळिसावर."

"अगंबाई! म्हणजे वर्षभर पै-पै जमवायची आणि मुलीच्या लग्नात एका दिवसात उडवायची."

"हो, पण पाव मैलाच्या शर्यतीला लागतात किती, तर बाराएक सेकंद. त्याला हे उदंड झालं. गोल ट्रॅकवर वीस मिनिटं गाडी पळवायची म्हटलं तर मात्र पहिल्या दोन फेऱ्यांतच दिवाळं."

"ताई, मग टाकीत सरळ बर्फ टाकावा की! एच-ई-बीच्या दुकानात पिशवी मिळते."

मला वहिनींचं कौतुक वाटतं ते अशा वेळी. ह्यांना जे कागद-पेन्सिल घेऊन सापडलं ते त्यांना कढीपत्त्याला पाणी घालता घालता सुचलं.

"अगदी बरोबर. दहा पौंडांची पिशवी वितळताना जेवढी उष्णता पिते, जवळजवळ तेवढीच ती पाच मिनिटांत एसी काढतो. शर्यतवाले वर्षानुवर्षं डिकीत बर्फच ओतत आले. किट हजार डॉलरच्या वर, बर्फ दोन-चार डॉलरचा."

"चार आण्याची कोंबडी नि बारा आण्याचा मसाला."

"पण बर्फ वितळला की टाकी उपसा, पिशवी फोडा, पुन्हा भरा. हे आपलं रांगेत उभं राहिल्या राहिल्या परत गार होतं. उभ्या गाडीत इंजिन हळू फिरतं, तेव्हा पाचाची दहा मिनिटं होतील, पण हात ओले होत नाहीत."

आता खरी मेख. ही माझी आवडती, कारण इथेच ह्यांनी त्या मुलाला पकडलं. त्याने सगळं जोडलं, पुढचा छोटा रेडिएटर होता तसा ठेवला आणि पाणी त्यातूनच फिरवलं. ह्यांनी विचारलं, बाळा, बाहेर अडतीस आणि पाणी दहा, तर या जाळीतून जाताना पाणी निवेल की तापेल? पोरगा गप्प. इतकी वर्षं वाऱ्याला उष्णता देणारी जाळी आता वाऱ्याकडून घ्यायला लागणार! एसी पुढून गार करणार आणि रेडिएटर मागून तापवणार. मग बायपास व्हॉल्व्ह आला. पाणी बाहेरच्यापेक्षा गरम असेल तर जाळीतून जायचं, गार झालं की जाळीला वळसा. वर गेल्या शनिवारचा दिवस रबरी पाइपांना फोमच्या नळ्या चढवण्यात गेला. आपल्याकडच्या दमट हवेत गार पाइप उघडा ठेवला की त्यावरून धारा लागतात.

"आणि पाणी गोठलं तर?"

"म्हणून तर साधं पाणी नाही, थोडं कूलंट मिसळलेलं. चिलरच्या आत बर्फ धरला तर पत्रे फाटतात, आणि मग एसीच्या गॅसमध्ये पाणी. कॉम्प्रेसर गेलाच समजा. कूलंट फार घालूनही चालत नाही म्हणे, पाण्याएवढी उष्णता ते धरत नाही."

"गॅस कुठून काढला? तो हवेत सोडता येत नाही ना?"

"नाहीच! कायद्याने गुन्हा. आर-१३४ए आहे त्यात. ओझोनला त्रास नाही, पण हवा तापवायला कार्बन डायऑक्साइडच्या चौदाशे पट. आणि आमच्या ह्यांचा परवाना इमारतींच्या एसीचा, कलम ६०८ चा. गाड्यांचा वेगळा असतो, ६०९. त्यामुळे गॅस मशीनने काढून घ्यायला गॅरेज शोधायचं. पहिल्याने गाडीभोवती एक चक्कर मारली आणि हात वर केले. दुसऱ्याने काढून दिला, पण परत भरताना स्टिकरवरचंच वजन भरणार म्हणून अडून बसला. आता फाटा वाढलाय, तर स्टिकरचा आकडा कसा चालेल? ह्यांनी त्याला दोन्ही बाजूंचे प्रेशर बघत भरायचं कसं ते समजावलं. तासभर. त्या बिचाऱ्याने शेवटी कॉफी मागवली."

परवा संध्याकाळी मीही डबा घेऊन तिकडे गेले होते. गॅरेजचं दार वर, आत पंखा, आणि हे गुडघ्यावर बसून भांडी घासायच्या साबणाचं पाणी ब्रशने एकेका जोडावर लावत होते. आत नायट्रोजनचा दाब भरलेला. तीन जोड गप्प. चौथ्यावर एक बुडबुडा उठला, मोहरीएवढा, पसरत वाटाण्याएवढा झाला आणि फुटला. लगेच दुसरा. ह्यांनी वर बघितलं ते चेहऱ्यावर असा आनंद घेऊन, की आमच्या लग्नाच्या अल्बमातही तो सापडायचा नाही. जुनी ओ-रिंग तशीच परत घातली होती पठ्ठ्याने. नवी घातली, तेलाचं बोट फिरवलं, बुडबुडे बंद. मग पुन्हा सगळं आवळून काल रात्री व्हॅक्यूम. तोच तो आवाज.

"आणि बायको काय म्हणते?" वहिनी मूळ मुद्द्यावर आल्या.

"ती दाताची डॉक्टर, बोलते कमी. त्याने तिला पटवलं ते तिच्याच गाडीवरून. तिची विजेवरची ना? त्या गाड्यांत बॅटरी गार ठेवायला असाच चिलर कारखान्यातूनच बसवलेला असतो. फास्ट चार्जिंगला लावली की एसीचा गॅस बॅटरीच्या पाण्याला जातो. म्हणाला, तुझ्याकडे आहे ते चालतं, माझ्याकडे नको?"

"मग?"

"मग ती म्हणाली, माझ्या गाडीत बॅटरीही गार होते आणि मीही."

"शाब्बास पोरी!"

"आणि अट घातली. चिलरचं बटण स्टिअरिंगपाशी लावायचं नाही. शेजारच्या सीटपुढच्या खणात लावायचं, आणि ती गाडीत असेल तेव्हा हात लावायचा नाही. त्याने तारा ओढून तसं केलंय."

"पण हा शर्यत लावणार कुठे? बेटाउनचा ट्रॅक तर बंद झाला."

"२०२३ मध्येच. आता डॅलसच्या बाजूला एनिसला जायचं म्हणतोय, टेक्सास मोटरप्लेक्सला. साडेतीन तास. आमचे हे बरोबर निघालेत, गेज घेऊन. आणि जाताना साडेतीन तास एसी कुणाला, म्हणून मी विचारलं, तर म्हणतात, वाटेत आपल्याला, पोचल्यावर इंजिनाला."

वहिनींनी पाइप उचलला, मग थांबल्या.

"ताई, भाऊजींना जरा विचाराल का? आमच्या व्हॅनचा एसी हल्ली मागे गार येत नाही. गॅस कमी झाला असेल."

"रविवारी पाठवते की. पण किल्ली तुमच्याकडेच ठेवा, आणि तो नागपूरचा बरोबर आला तर डिकी उघडू देऊ नका."