पितृपक्ष आणि पॅन्टोन

ग्राफिक डिझायनरचा खरा साहेब कोण, हे कॉलेजात सांगत नाहीत. तिथं बाऊहाउस शिकवतात, १९५७ साली स्वित्झर्लंडात जन्माला आलेल्या हेल्वेटिकाचं कौतुक करतात, पानावर मोकळी जागा सोडायला छाती लागते म्हणतात आणि मग आपल्याला रस्त्यावर सोडून देतात. आपण नारायण पेठेत दुकान टाकतो (आम्ही स्टुडिओ म्हणतो, असतं दुकानच) आणि हळूहळू लक्षात येतं, की साहेब समोरच खिळ्याला टांगलेला आहे. जयंतराव साळगावकरांनी १९७३ साली सुरू केलेलं ‘कालनिर्णय’. शेजारच्या खिळ्याला पॅन्टोनचा रंगपंखाही लटकतोय, पण त्याच्याकडे मान वळते ती फक्त धूळ झटकायला.

आषाढी एकादशीला देव झोपतात आणि त्यांच्याबरोबर लग्नपत्रिकाही झोपतात. तुळशीचं लग्न लागेपर्यंत ‘किलबिल’ या मथळ्याखाली डझनभर भाचरांची नावं रुसवेफुगवे सांभाळत बसवायचं काम येत नाही. त्यात अधिक महिना आला की विचारूच नका. धंदा बसतो माझा आणि माझ्या माहेरी तेहेतीस अनारसे मिळतात नवऱ्याला, जो बँकेत आहे आणि ज्याचा पगार कुठल्याच महिन्यात थांबत नाही. २०२० साली तर अधिक आश्विनच आला. सर्वपित्री अमावास्या झाली आणि घटस्थापना आणखी महिनाभर लांब. वर कोरोना. अनारसे तेवढे वेळेवर आले.

गणपतीत मात्र श्वास घ्यायला फुरसत नसते. मंडळाचा कार्यकर्ता माझ्या खुर्चीमागे उभा राहून फ्लेक्स करून घेतो. सर्वांत वर देशपातळीवरचे नेते, पासपोर्ट आकारात. त्याखाली राज्यातले, जरा मोठे. मग आपले स्थानिक साहेब, हात जोडून, जवळजवळ पूर्ण उंचीचे. तळाशी शुभेच्छुकांची रांग, निम्मे गॉगल लावून. गणपती कुठंतरी असतो.

“ताई, साहेबांना जरा वर घ्या.”

“आणखी वर घेतले तर फ्लेक्सच्या बाहेर जातील.”

“मग बाप्पांना थोडं लहान करा. ते काही बोलणार नाहीत.”

एवढ्यात त्याला उजव्या कोपऱ्यात चार बोटं मोकळी जागा दिसते. तीच, जी सोडायला छाती लागते. “इथं दोन पोरं बसतील,” असं म्हणून तो व्हॉट्सॲपवर फोटो मागवतो आणि दोन मिनिटांत ती पोरं बसतात.

खरी लढाई भगव्याची. मोबाइलच्या पडद्यावर रंग प्रकाशातून येतो, मशीनवर शाईतून. पिवळा शंभर टक्के, मॅजेंटा साठ-सत्तर टक्के, असं कितीही घोळवलं तरी पडद्यावर पेटलेला भगवा छापताना निवतोच. हे सगळं मी समजावून सांगते. कार्यकर्ता शांतपणे ऐकून घेतो, मान डोलावतो आणि म्हणतो, “ते बरोबर आहे ताई, पण ही वीट झाली. जरा तापवा की.”

मग विसर्जनाची मिरवणूक दुसऱ्या दिवशी कधीतरी संपते, ढोल गप्प होतात आणि लागतो पितृपक्ष. आमच्या धंद्यातली ही एकमेव हक्काची रजा. नवं दुकान नाही, उद्घाटन नाही, व्हिजिटिंग कार्डसुद्धा नाही. गेल्या वर्षी एका गृहस्थांना त्यांच्या नव्या फरसाण दुकानाचा लोगो दाखवला. त्यांनी तो लांब धरून बघितला, जवळ धरून बघितला.

“फर्स्ट क्लास झालाय मॅडम. पण मी आत्ता हो म्हणणार नाही. घटस्थापनेला म्हणतो.”

ॲडव्हान्सही अर्थात घटस्थापनेलाच. दुरुस्त्या मात्र त्यांनी तिथल्या तिथे सांगितल्या. दुरुस्त्या शुभकार्यात मोडत नसाव्यात.

या पंधरवड्यात जागी असते ती फक्त दिवाळी अंकवाल्यांची जमात. काशिनाथ रघुनाथ मित्रांनी १९०९ साली ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढून हा नाद मराठी माणसाला लावला, तो अजून सुटलेला नाही. गच्चीवर पान ठेवून कावळ्याची वाट बघावी तसे संपादक लेखकांची वाट बघत असतात. तोवर ते माझ्या मागे लागतात, मुखपृष्ठासाठी. त्यांच्या डोळ्यांपुढे दीनानाथ दलालांच्या ‘दीपावली’वरच्या देखण्या बायका असतात आणि खिशात फुकटच्या फोटोंचं बजेट. मी शोधायला बसते: दिवाळी, स्त्री, पणती. बाई येते ती लेहंगा घालून, कपाळावर बिंदी मिरवत. नऊवारीतली म्हणावी तर जाहिरातींच्या जगात ती एक तर नाचत असते नाहीतर बुलेट चालवत असते. पणती हातात धरून नुसती उभी राहायला तिला वेळ नाही.

एवढं सोडलं तर दुपार माझी. मी चालत अप्पा बळवंत चौकात जाते आणि काही विकत न घेता कागद चाचपत बसते. तीनशे जीएसएमच्या आर्ट कार्डाचा थंड गुळगुळीतपणा, हातकागदाची खरखरीत कड. दुकानदार ओळखीचा आहे, तो हाकलत नाही. पावसाळाभर हा कागद हवेतलं पाणी पिऊन फुगलेला असतो. फुगला की चार रंगांचे चार ठसे एकमेकांवर नीट बसत नाहीत आणि आरतीसंग्रहावरच्या देवीला ओठांच्या दोन जोड्या येतात. भाद्रपद उतरता उतरता ऊन कडक होतं, हवा कोरडी होते आणि प्रेसवाल्यांचे चेहरे माणसात येतात. आमच्या मशीनमनच्या घरी या दिवसांत कुणाची ना कुणाची तिथी असते. त्याच्या डब्यातले वडे आणि आमसुलाची चटणी मी पूर्वजांचा पूर्ण मान राखून खाते.

आणि सीताफळं! सासवडकडची टोपली रस्त्यावर दिसली की मी कामाचा विचार सोडून देते. एक तर ते पिकलेलं ओळखण्यातच अर्धी अक्कल खर्च होते. मग फोडायचं, एकेक गर तोंडात घोळवायचा, बिया सोडवायच्या, त्या कुठं टाकायच्या ते शोधायचं. दोन्ही हात कोपरापर्यंत चिकट. माउस धरता येत नाही, फोन उचलता येत नाही. परवा तो वाजून वाजून थांबला, त्यावर क्लायंटचं नाव दिसत होतं आणि मी शास्त्रोक्तपणे असमर्थ होते. आंबा एवढं करत नाही. आंबा खाता खाता बोलता येतं.

सर्वपित्रीच्या संध्याकाळी मात्र फोन तापायला लागतो. साडीच्या दुकानाचे मालक, आवाजात पंधरा दिवसांची साठलेली ताकद.

“मॅडम, उद्यापासून नऊ दिवस नऊ रंग. रोज सकाळी सातला पोस्ट पडली पाहिजे. पण आपला लोगो पडला लाल. मोरपंखीवर कसा दिसणार? मी म्हणतो, त्या त्या दिवशी लोगोच बदलला तर?”

“म्हणजे नऊ लोगो?”

“छे छे, नऊ काय! दसरा धरून दहा.”