नाना आवरायला घेतात

काम होतं पासवर्ड बदलण्याचं. हिंजवडीच्या आमच्या ऑफिसात ते दुसऱ्या कुणाला दिलं असतं, तर सकाळच्या चहाच्या आत उरकलं असतं. ते नानांना दिलं, आणि तीन आठवडे लागले.

असे एक नाना प्रत्येक सॉफ्टवेअर कंपनीत असतात. वय पन्नाशीच्या पुढं, खिशाला पेन, डब्यात रोज पोळीभाजीच, आणि सी सोडून बाकी सगळ्या भाषांबद्दल एकच मत : ‘मुलं हुशार आहेत, पण लाडावलेली.’ दुसऱ्याचा पसारा दिसला की यांच्या हाताला खाज सुटते.

आमचा प्रोग्रॅम सीमधला, डेटाबेस पोस्टग्रेस. डेटाबेसला जोडणारा कोड चौदा फायलींत चौदा वेळा चिकटवलेला होता, आणि तोही प्रत्येक ठिकाणी जरासा वेगळा. एकाच सासूची आमटी चौदा सुनांनी करावी तसा. पासवर्ड अर्थातच चौदाही ठिकाणी उघडा. नानांनी चष्मा काढला. त्यांनी चष्मा काढला की आम्ही कॅलेंडर उघडतो.

“हे बघ,” त्यांनी मला बोलावलं. होस्ट, डेटाबेस, युजर, पासवर्ड सगळं एसप्रिंटएफनं चौसष्ट बाइटांच्या ॲरेत कोंबलेलं. जुना पासवर्ड आठ अक्षरी, म्हणून वर्षानुवर्षं निभावलं. नवा होता चोवीस अक्षरी. “तीन सीटच्या रिक्षात किती बसवाल? आणि सीमधला रिक्षावाला नाही म्हणत नाही रे. उरलेल्यांना शेजारच्या रिक्षातल्या माणसाच्या मांडीवर बसवतो. तो माणूस मरतो, आणि तुम्ही त्याच्या फायलीत बग शोधत बसता.”

पुढच्या फायलीत कुणीतरी पीक्यूकनेक्टडीबीनं दिलेला पॉइंटर नल नाही एवढंच पाहून पुढं गेलं होतं. इथं नाना खरे खुलले. जोडणी फसली तरी ते फंक्शन पॉइंटर देतंच. नल मिळतो तो मेमरीच संपली तर. “मुलीकडच्यांनी कांदेपोहे दिले म्हणून लग्न ठरलं समजणारी ही माणसं! पीक्यूस्टेटसला विचारा की आधी, होकार आहे का. आणि नकार आला तरी पीक्यूफिनिश करायचं. बशी खाली ठेवायची, ‘येतो’ म्हणायचं, निघायचं. तुम्ही बशी हातात घेऊनच घरी येता. यालाच मेमरी लीक म्हणतात.”

मग त्यांनी एकच फंक्शन लिहिलं. सेटिंगं बाहेरच्या फायलीत, आणि चूक कुठंही झाली तरी शेवटच्या आवराआवरीवर उडी मारणारा एक गोटू. तो पाहून नव्यानं लागलेली मुलगी दचकली. गोटू वाईट असतो असं तिला कॉलेजात शिकवलं होतं.

“डाइकस्ट्रांनी गोटूविरुद्ध पत्र छापलं १९६८ साली,” नाना शांतपणे म्हणाले, “तेव्हा सीचं बारसंसुद्धा झालं नव्हतं.” हा युक्तिवाद आहे की नुसता दम, हे मला अजून कळलेलं नाही. तिलाही कळलं नसावं, कारण ती गप्प बसली.

घरी म्हणे हे आवरणं चालत नाही. एका दिवाळीत नानांनी मिसळणाच्या डब्यातल्या वाट्या अकारविल्हे लावल्या. जिरं, धने, मोहरी, हळद, सगळं शिस्तीत. वहिनींचा हात सवयीनं मोहरीकडं गेला, फोडणीत हळद पडली, आणि तेव्हापासून नानांना स्वयंपाकघरात फक्त वाचण्याची परवानगी आहे, लिहिण्याची नाही.

सोमवारी नवा कोड चालू झाला. अकरा वाजता सगळं ठप्प.

कारण मोठं गमतीचं होतं. जुन्या कोडमध्ये चूक झाली की प्रोग्रॅम सरळ एक्झिट करायचा आणि एक स्क्रिप्ट त्याला पुन्हा उठवायची. मरताना का होईना, त्याची जोडणी सुटायची. “फंक्शननं परत यावं, जीव देऊ नये,” म्हणून नानांनी ते एक्झिट काढून टाकलं. आता जोडणी झाल्यावर पुढं चूक झाली की वरचा कोड जुनी जोडणी न सोडता नवी मागत होता, मग आणखी एक, मग आणखी एक. पोस्टग्रेस मुळात शंभर जोडण्या देतं, त्यातल्या तीन सुपरयुजरसाठी राखीव. गणपतीच्या रांगेत असतात तशा. आमचा प्रोग्रॅम सुपरयुजर म्हणूनच आत शिरायचा, त्यामुळे त्या राखीव तिन्हीसकट शंभरच्या शंभर आम्ही तासाभरात खाल्ल्या.

स्क्रीनवर ओळ आली : ‘फेटल : सॉरी, टू मेनी क्लायंट्स ऑलरेडी.’

अख्खं ऑफिस नानांच्या टेबलाभोवती. नाना ती ओळ कौतुकानं वाचत होते.

“गिऱ्हाइकं फार झाली म्हणून सॉरी म्हणतंय रे! आपल्याकडं दुपारी एकला शटर ओढताना म्हटलंय कुणी?”

“नाना,” मॅनेजर काकुळतीला येऊन म्हणाला, “एका ओळीचंच काम आहे ना हो?”

नानांनी चष्मा काढला.