टाकीवर कोण चढलंय गं आज?

ऐकलंत का? परवा म्हणे एका माणसानं तहसील कार्यालयात जाऊन साधा अर्ज दिला. हातानं लिहिलेला, खाली ‘आपला विश्वासू’. आवक-जावकच्या खिडकीशी रांगेत उभा राहिला, पोच घेतली आणि घरी गेला. सोबत हलगी नाही, गाढव नाही, मुंडण नाही, मोबाइलवर शूटिंग करणारा पुतण्यासुद्धा नाही. आमच्या शेजारच्या काकूंना हे सांगितलं तर त्यांनी आधी विचारलं, “बरं आहे ना त्याचं?”

त्याचा तरी काय दोष, काळ कुठे चाललाय हे कळलेलंच नाही बिचाऱ्याला. हल्ली मागणी मागाहून ठरते, स्टाईल आधी. गटार तुंबलं की पारावर बैठक बसते ती ‘कुठल्या स्टाईलनं करायचं?’ या एकाच विषयावर. आणि फिरून फिरून सगळ्यांची बोटं वळतात ती गावच्या पाण्याच्या टाकीकडे. ‘शोले स्टाईल आंदोलन’ हा मथळा जिल्ह्याच्या पानावर कायमचा जुळवूनच ठेवलेला असावा, फक्त गावाचं नाव बदलायचं. पीकविमा अडला, टाकी. घरकुलाचा हप्ता रखडला, टाकी. ग्रामसेवकाची बदली करा, टाकी. ग्रामसेवकाची बदली रद्द करा, तरी टाकीच. शोभतं का हे?

बरं, ‘शोले’ येऊन २०२५ च्या १५ ऑगस्टला पन्नास वर्षं झाली. एवढ्या मोठ्या सिनेमातून उचलायचं ते काय, तर दारू पिऊन टाकीवर चढलेला धर्मेंद्र! त्या वीरूची मागणी तरी सोपी होती, बसंतीशी लग्न. आणि निर्णय मौसीच्या हातात. मौसीला वरिष्ठांचं मार्गदर्शन मागवायचं नव्हतं, म्हणून काम तिथल्या तिथे झालं. ती गटविकास अधिकारी असती तर ‘आपली मागणी सक्षम प्राधिकाऱ्याकडे पुढील कार्यवाहीस्तव सादर करण्यात आली आहे’ असं पत्र वर पाठवून जेवायला गेली असती आणि वीरू अजून तिथेच बसलेला असता. खरं तर सरकारी कचेरीला साजेसं पात्र त्या सिनेमात होतं, आपला ठाकूर. ‘आमचे हात बांधलेले आहेत’ असं सांगणारे साहेब आपण सगळ्यांनी पाहिलेत. पण त्याला कुणी ‘शोले स्टाईल प्रशासन’ म्हणत नाही. कौतुक सगळं चढणाऱ्याचं.

‘शोले’तल्या रामगढबद्दल लोक एक जुनी शंका काढतात. गावात वीज नाही, जया भादुरी रात्री एकेक दिवा मालवत जाते, मग त्या उंच टाकीत पाणी चढतं कसं? आमच्याकडच्या कित्येक गावांनी हे कोडं कधीच सोडवलंय. चढतच नाही! जलजीवन मिशन १५ ऑगस्ट २०१९ ला जाहीर झालं. २०२४ पर्यंत घरोघरी नळाला पाणी येणार होतं. मग २०२५ च्या अर्थसंकल्पात मुदत २०२८ वर गेली. तोवर टाकी मात्र रंगवून तयार, त्यावर योजनेचं नाव, वर जायला लोखंडी जिना. एवढ्या खर्चाची वस्तू नुसती उभी ठेवायची? गावकऱ्यांनी तिचा काही उपयोग शोधून काढला तर आपण नाकं मुरडतो.

टाकी नसेल तिथे मोबाइलचा टॉवर. ज्यांना उंचीची भीती वाटते त्यांच्यासाठी जमिनीवरचे प्रकार आहेतच. खड्ड्यात झाड लावणं आता फारच सोज्वळ झालं. खड्ड्याचा वाढदिवस असतो, केक कापतात, टाळ्या वाजवतात. खड्ड्यातल्या पाण्यात साबण लावून अंघोळ करणारे आहेत. कचेरीच्या दारात जागरण-गोंधळ घालणारे आहेत. विदर्भ-मराठवाड्यात साहेबांना बेशरमाचं झाड भेट देतात, आणि ऐका, साहेब ते घेतातसुद्धा, फोटोत हसतातसुद्धा! अधिकारी जागेवर नसला तर त्याच्या खुर्चीला हार घालून खुर्चीलाच निवेदन देतात. हा मात्र मला सरळसरळ अन्याय वाटतो. सगळ्या कचेरीत वेळेवर हजर असलेली ती एकटीच.

काकू म्हणाल्या, “आमच्या वेळी असलं नव्हतं हो.” मी म्हटलं, काकू, तुमच्याच वेळी तर सुरुवात झाली. १९७२ साली महागाईविरुद्ध मृणाल गोरे आणि अहिल्याबाई रांगणेकरांबरोबर मुंबईतल्या बायका लाटणी घेऊन रस्त्यावर आल्या होत्या. लाटणं! स्वयंपाकघरातलं! काकू जरा वेळ गप्प बसल्या, मग म्हणाल्या, “हो, पण आम्ही ते परत घरी नेलं आणि संध्याकाळी पोळ्या लाटल्या.” आता यावर काय बोलणार?

मुकाट्यानं आंदोलन करताच येत नाही असंही नाही. २०१८ च्या मार्चमध्ये नाशिकहून मुंबईला हजारो शेतकरी चालत आले. दहावीच्या पोरांची परीक्षा बुडू नये म्हणून शेवटच्या टप्प्यात रात्रीतून चालून पहाटे आझाद मैदानावर पोचले. अख्ख्या मुंबईनं पाणी आणि बिस्किटं दिली. पण ते हजारो होते हो. एकटा माणूस नाशिकहून मुंबईच्या दिशेनं चालत निघाला तर लोक म्हणतील, “शिर्डीला ना? उलटा चाललास बाबा.” एकट्याला दिसायचं असेल तर उंच जावं लागतं. आणि तक्रार ऐकून घेणारं खाली कोणी असावं, तर तेही नव्हतं. मुंबई महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली, राज्यातल्या इतरही कितीतरी नगरपालिका नि महापालिकांवर वर्षानुवर्षं प्रशासक बसले. नगरसेवक असता तर निदान त्याच्या दारात जाऊन चार शब्द सुनावता आले असते. तीही करमणूक गेली होती.

आता पोलिसांचं ऐका. आमच्या इमारतीत एक निवृत्त हवालदार राहतात. त्यांचं मत असं की टाकीवर चढणाऱ्यापेक्षा खाली उभ्या असलेल्याचे हाल जास्त. वरच्याला वारा तरी लागतो. खालच्यानं उन्हात मान वर करून “काका, उतरा, साहेब आलेत” असं ओरडत राहायचं, अग्निशमनची गाडी मागवायची, गर्दी हटवायची, आणि त्याच गर्दीतून कुणीतरी “उडी मार” म्हणून ओरडलं तर त्याला आधी शोधायचं. मंत्र्यांचा दौरा असला की आदल्या दिवशी गावातल्या आंदोलकांना नोटिसा. कायदा बदलला, फौजदारी प्रक्रिया संहिता गेली, नवी नागरिक सुरक्षा संहिता १ जुलै २०२४ पासून आली, कलमाचा आकडा १६८ झाला, तरी अजून सगळे ‘१४९ ची नोटीस’च म्हणतात. आणि गंमत सांगू? ज्याला नोटीस मिळत नाही तो रुसतो! “त्याला दिली, मला का नाही? मी काय कमी आहे?” हवालदारसाहेब शपथेवर सांगतात की अशा माणसाची समजूत काढायला त्यांना मंत्र्याच्या बंदोबस्तापेक्षा जास्त वेळ लागला होता. मग दौऱ्याच्या दिवशी व्हॅनमध्ये बसवायचं, पोलीस कायद्याच्या ६८ खाली ताब्यात, ६९ खाली सुटका, मधल्या वेळात ठाण्यात चहा. सगळं घरच्यासारखं.

पण नव्या कायद्यानं एक गंभीर गोष्ट केलीय, आणि ती टाकीवाल्यांना कुणी सांगितलेली दिसत नाही. आत्महत्येचा प्रयत्न हा जुना ३०९ चा सरसकट गुन्हा भारतीय न्याय संहितेत उरला नाही. त्याऐवजी २२६ वं कलम आलं. सरकारी माणसाला त्याच्या कामात भाग पाडायला किंवा अडवायला असा प्रयत्न केला, तर वर्षापर्यंत साधी कैद, किंवा दंड, किंवा दोन्ही, नाहीतर समाजसेवा. म्हणजे दुःखानं जीव द्यायला निघालात तर कायदा हळवा, पण तहसीलदारांकडे बघत निघालात तर खटला. त्यातली समाजसेवेची शिक्षा मला भारी आवडली. ज्या टाकीवर चढला तीच आतून धुऊन काढायला लावली तर निदान टाकी एकदा धुतली जाईल.

आणि सामान्यांना बोलून काय उपयोग, वरच तसं चाललंय! मंत्रालयात मधल्या चौकावर जाळी आहे. ती २०१८ मध्ये लावली, कारण दाद मिळेना म्हणून लोक तिथे जीव द्यायला लागले होते. त्या वर्षी जानेवारीत धुळ्याच्या धर्मा पाटील या म्हाताऱ्या शेतकऱ्यानं जमिनीच्या मोबदल्यासाठी मंत्रालयात विष घेतलं आणि ते गेले. सरकारनं त्यावर काय केलं, तर जाळी बांधली. आणि ४ ऑक्टोबर २०२४ ला त्याच जाळीत तिसऱ्या मजल्यावरून उडी मारली कुणी? विधानसभेच्या उपाध्यक्षांनी! नरहरी झिरवाळ, सत्ताधारी पक्षाचे, आदिवासी आरक्षण आणि पेसा भरतीच्या मागणीसाठी. सोबत आणखी लोकप्रतिनिधी. सगळे सुखरूप, सगळे टीव्हीवर. त्यानंतर अडीच महिन्यांत ते पुन्हा निवडून आले, मंत्रीही झाले. ज्या खुर्चीपुढे सभागृहात सदस्य ओरडतात त्याच खुर्चीवरच्या माणसाला सरकारचं लक्ष वेधायला जाळी लागली, तर घरकुलवाल्यानं टाकीवर चढू नये असं कुठल्या तोंडानं सांगायचं?

पैशाचं तर बोलूच नये, पण बोलते. आंदोलन हा हल्ली चांगला पायरीचा दगड आहे असं सगळेच म्हणतात. पहिलं आंदोलन जुन्या स्प्लेंडरवरून, तिसरं बुलेटवरून, आणि निवडणुकीच्या आसपास एकदम पांढरी फॉर्च्युनर, काचा काळ्या. सर्वोच्च न्यायालयाच्या २००२ आणि २००३ च्या निकालांमुळे उमेदवाराला संपत्ती आणि गुन्हे दोन्ही शपथपत्रात लिहावे लागतात, त्यामुळे आम्हांला वाचायला चांगला मसाला मिळतो. व्यवसाय, ‘शेती व समाजसेवा’. शेती तीन एकर कोरडवाहू, समाजसेवा मात्र बागायती असावी. गुन्ह्यांच्या रकान्याची तर पूर्वी लाज वाटायची. आता तो पदकांच्या यादीसारखा मिरवतात, “माझ्यावर बावीस केसेस आहेत, सगळ्या जनतेसाठी!” आणि त्यातल्या बऱ्याच मागे घेतल्या जातात. राजकीय, सामाजिक आंदोलनातले खटले काढून घ्यायचे शासन निर्णय दर काही वर्षांनी निघतात. अट काय, तर जीवितहानी नको आणि मालमत्तेचं नुकसान पाच लाखांच्या वर नको. म्हणजे एसटीच्या काचा फोडताना मनातल्या मनात बेरीज करत राहायची.

निवडणुकीतही हेच वेड. अनामत रक्कम विधानसभेला दहा हजार, लोकसभेला पंचवीस हजार. ती एकेक रुपयाच्या नाण्यांत पोत्यानं आणून ओतणारे उमेदवार दर खेपेला कुठे ना कुठे निघतातच. निवडणूक कार्यालयातले कारकून दिवसभर चिल्लर मोजतात आणि उमेदवार बाहेर मुलाखत देतो. पण सगळ्यांवर कडी केली सोलापूरच्या मारकडवाडीनं. माळशिरसमध्ये विधानसभेला त्यांचे उत्तम जानकर निवडूनसुद्धा आले होते! पण आपल्या गावात त्यांना मतं कमी कशी, म्हणून गावकऱ्यांनी ३ डिसेंबर २०२४ ला मतपत्रिकेवर स्वतःच पुन्हा मतदान घ्यायचं ठरवलं. प्रशासनानं जमावबंदी लावली, गावात मतदारांइतकेच पोलीस दिसायला लागले, आणि बेत सोडावा लागला. गुन्हे दाखल झाले ते वेगळेच. मग दोन्ही बाजूंच्या नेत्यांची गावाला रीघ लागली. हरलेला रडतो हे ठाऊक होतं, जिंकून भांडणारं गाव प्रथमच बघितलं. काकूंना ते गाव फार आवडलं, कारण त्यांनाही भाजीवाल्यानं सुटे पैसे बरोबर दिले तरी पुन्हा मोजायची सवय आहे.

आता शेवटचं सांगते आणि उठते, कुकर लावायचाय. २०२५ च्या जुलैत तेव्हाचे कृषिमंत्री माणिकराव कोकाटे विधान परिषदेत मोबाइलवर रमी खेळत असल्याचा व्हिडिओ फिरला. ते म्हणाले, खेळत नव्हतो, जाहिरात बंद करत होतो. आपल्याला काय, मोबाइल त्यांचा, बोट त्यांचं. लातुरात छावा संघटनेच्या कार्यकर्त्यांनी कोकाट्यांच्याच पक्षाच्या सुनील तटकरेंच्या पत्रकार परिषदेत टेबलावर पत्ते टाकले. किती सुटसुटीत आंदोलन! टाकी नको, रॉकेल नको, बाजारातून वीसतीस रुपयांचा जोड आणला की झालं. तर त्यांनाच राष्ट्रवादीच्या कार्यकर्त्यांकडून बेदम मार बसला, पक्षाच्या युवक प्रदेशाध्यक्षांना राजीनामा द्यावा लागला. आणि महिनाअखेरीस कोकाट्यांचं कृषी खातं गेलं. गेलं म्हणजे काय, बदललं. त्यांना क्रीडा खातं मिळालं.