तंबोऱ्याच्या घरात पियानो

इंदूरच्या मराठी माणसाला नवी वस्तू घेताना थोडं अपराधी वाटतं. जुनी घेतली की मात्र तो चार जणांना बोलावून दाखवतो. रामबागेत म्हणा, लोकमान्य नगरात म्हणा, "हा तंबोरा मिरजेचा, आजोबांनी आणलेला" हे वाक्य कुठल्या ना कुठल्या दिवाणखान्यात कानावर पडतंच. आणि त्यात खोटं काही नसतं. भोपळा आणि लाकूड मुरलं की तंबोरा जास्त बोलतो, असं जाणकार सांगतात. अमीर खाँसाहेबांच्या गावात त्यावर शंका कोण काढणार?

त्यामुळे विजय नगरला राहणाऱ्या माझ्या भाच्याने लेकीसाठी ग्रँड पियानो घ्यायचं काढलं, तेव्हा सगळ्या वडीलधाऱ्यांनी एकमुखाने निकाल दिला, "जुना घे." यातल्या एकाच्याही घरी पियानो कधी नव्हता. आमचं पियानोविषयीचं शिक्षण सिनेमात झालेलं. 'अंदाज'मध्ये दिलीपकुमार, 'संगम'मध्ये राज कपूर, 'ब्रह्मचारी'त शम्मी कपूर. सगळे पियानोशी बसून भरल्या मैफलीत मनातली सल गाऊन दाखवणारे. त्या पियानोच्या वयाची चौकशी कोणी केल्याचं आठवत नाही.

पियानोचं गणित तंबोऱ्याच्या नेमकं उलटं आहे. ग्रँडच्या पोटात बिडाची चौकट असते आणि तीवर सव्वादोनशेच्या आसपास तारा ताणलेल्या असतात. त्या सगळ्यांचा ताण मिळून अठरा-वीस टनांपर्यंत जातो. वाजवा, नका वाजवू, हा ताण रात्रंदिवस चालूच. तारांखाली स्प्रूस लाकडाचा पातळ साउंडबोर्ड असतो, त्याला किंचित वर फुगवटा दिलेला असतो. वर्षानुवर्षांच्या दाबाने तो फुगवटा बसतो, लाकडाला चिरा पडतात, तारांच्या खुंट्या भोकांत सैल होतात. तंबोरा मुरतो, पियानो झिजतो. क्रिस्तोफोरीने 1720 मध्ये बनवलेला, आज शिल्लक असलेला सगळ्यात जुना पियानो न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहे, पण आजवर त्याच्यावर इतक्या दुरुस्त्या झाल्यात की त्यातलं मूळचं किती उरलंय हे अभ्यासकांनाच विचारावं.

हे सगळं सांगून झाल्यावरही मंडळी महूला निघालीच. छावणीचं गाव, जुने बंगले, त्यातल्या एकात ग्रँड निघाल्याची खबर होती. पियानोवर विणलेला रुमाल, रुमालावर तीन पिढ्यांचे फोटो. फोटो उतरवून झाकण उचलायलाच पाव तास गेला. आतून डांबरगोळ्यांचा वास आला. टॉर्च मारून पाहिलं तर मधल्या पट्ट्यांच्या हातोड्यांवर नमद्यात तीन-तीन खोल चऱ्या पडलेल्या. एकेका स्वराला तीन तारा असतात, त्यांनी वर्षानुवर्षं कोरलेल्या. एका कोपऱ्यात तोच नमदा पिंजून कोणीतरी घरटं केलेलं. इंदूर 2017 मध्ये स्वच्छतेत देशात पहिलं आलं, पण ती बातमी महूच्या उंदरांपर्यंत पोचलेली दिसली नाही. एक पट्टी दाबली ती खालीच राहिली. मालकांनी बोलता बोलता नखाने ती वर काढली आणि म्हणाले, "जर्मन आहे."

आमचे मेव्हणे पेटी वाजवतात. त्यांनी सा लावून पाहिला आणि म्हणाले, "उतरलाय. पण भारदस्त उतरलाय."

नव्याचंही काही सरळ नसतं. एका मोटारीची किंमत तर आधी मोजायचीच. स्टाइनवेच्या कारखान्यात एक ग्रँड तयार व्हायला वर्षभर लागतं म्हणतात, आणि घरी आल्यावर नव्या तारा ताणत राहतात, म्हणून पहिल्या वर्षी पुन्हा पुन्हा सुरात आणावा लागतो. त्यात माळव्याची हवा. वैशाखात लाकूड कोरडं पडून सूर खाली येतो, श्रावणात फुगून वर चढतो. आणि ज्या यामाहाच्या नव्या कोऱ्या ग्रँडवर भाच्याचा डोळा आहे, त्या यामाहाची सुरुवातच मुळी दुरुस्तीतून झाली. 1887 मध्ये हामामात्सुच्या शाळेतला बिघडलेला रीड ऑर्गन तोराकुसु यामाहाने उघडला, दुरुस्त केला आणि मग तसाच स्वतः बनवला. तो तपासून घ्यायला त्याने आणि त्याच्या जोडीदाराने खांद्यावर दांडी घेऊन हाकोनेचे डोंगर ओलांडत टोकियोला नेला. आपल्या नाटकमंडळ्यांच्या पायपेटीचाच हा भाऊबंद. एवढं ऐकल्यावर मेव्हणे यामाहाबद्दल एकदम आपुलकीने बोलू लागले.

माझं मत विचाराल, तर बिडाच्या चौकटीवरचा क्रमांक बघून पियानोचं वय काढावं, तो फार म्हातारा नसेल आणि जाणत्या माणसाने आतून तपासला असेल तर वापरलेला खुशाल घ्यावा. "जर्मन आहे" हा मात्र पुरावा नव्हे. पण भाच्याच्या इमारतीतल्या लिफ्टमध्ये पाटी आहे, "6 व्यक्ती, 408 किलो". पियानो वजनात कसाबसा बसेल, दारात बसणार नाही. सोसायटीच्या सेक्रेटरींनी क्रेनला परवानगी दिली, पण त्यांना एक प्रश्न पडला होता, "साहेब, आवाज किती वाजेपर्यंत?"

खरी अडचण याहून वेगळी. तंबोरा ज्याचा, तोच तो जुळवतो. गवई अर्धा तास जवारी लावत बसला तरी समोरचे श्रोते माना डोलावतात, कारण तेही गाण्यातच धरलेलं असतं. पियानो वाजवणारा जन्मभर वाजवील, पण त्या सव्वादोनशे तारा जुळवायला सहसा दुसराच माणूस यावा लागतो, आणि तोही वर्षातून दोनदा तरी. मग नवा की जुना हा वाद घालण्यात काय अर्थ? आधी तो माणूस पक्का करायला हवा. भाच्याला हे पटलं. ओळखीतून मुंबईचे एक ट्यूनर मिळाले. येणं-जाणं, राहणं आणि रात्री सराफ्यात जेवण, इतकं ठरलं. मग त्यांनी फोनवर विचारलं, "पियानो कुठला आहे आपला?"

"तो अजून घ्यायचाय," भाचा म्हणाला, "तुम्ही आधी डिसेंबरातली तारीख सांगा."