जर्मनची होडी

पूर्णा जंक्शनवर नांदेड, परभणी, अकोला अशी कुठलीही गाडी मिळते, होडी तेवढी मिळत नाही. रेल्वेतून गार्ड म्हणून रिटायर झालेल्या आमच्या दाजींना नेमकी तीच हवी होती. गावाला नदी आहे, पुढं कंठेश्वरला ती गोदावरीला मिळते, उन्हाळ्यात नातवंडं येतात. सगळ्यांनी गळ टाकून बसावं, एवढीच इच्छा. भोई मंडळी थर्माकोलच्या तराफ्यावर बसून रोहू-कटला काढतात, पण थर्माकोलचं आणि दाजींच्या वजनाचं जमण्यासारखं नव्हतं. चौकशी करता ॲल्युमिनियमच्या दोन जुन्या होड्या विकाऊ निघाल्या. एक नांदेडजवळ विष्णुपुरीला, दुसरी येलदरीला. म्हणजे घर मधोमध आणि होड्या दोन टोकांना.

विष्णुपुरीची होडी १४ फुटी, वेल्डिंगची, तळाला धार असलेली. मालक म्हणाला, "लाटा कापत जाते, साहेब." सोबत आलेल्या आत्यानं बोटानं टकटक करून "जर्मन जाड हाय" असा निर्वाळा दिला आणि निवांत फळीवर टेकली. मे महिन्यातली दुपार होती. आत्या बसली त्याच्या दुप्पट वेगानं उठली, आणि उठताना होडी अशी कलंडली की मालकानं धावत येऊन दोन्ही हातांनी ती धरली. धारेच्या तळाचं असंच असतं. भर पाण्यात, वाऱ्यात ती होडी शहाणी, पण काठावर चढता-उतरता चंचल. "ही माणूस बघून वागायली," आत्या म्हणाली. विष्णुपुरीचा विषय तिथंच मिटला. दाजी मात्र परतीच्या गाडीत वसमत फाट्यापर्यंत लाटांबद्दलच बोलत होते.

येलदरीची वाट झिरो फाट्यावरून, परभणी-जिंतूर करत. झिरो फाट्यावर चहा घेतला नाही तर आपल्याकडं प्रवास झाला असं कुणी मानत नाही, म्हणून घेतला. १९६८ साली पुरं झालेलं येलदरी धरण आपल्याच पूर्णा नदीवरचं. ते आणि खालचं सिद्धेश्वर मिळून पाणी अडवून धरतात, म्हणून तर उन्हाळ्यात आमच्या गावाजवळ नदीत डबकी उरतात. तिथं लाटा कापायच्या कुठल्या?

ही होडी १२ फुटी, सपाट बुडाची, रिव्हेट मारलेली. वीतभर पाण्यातही तरंगेल, अडली तर दोघं उचलून पुढं ठेवतील; ॲल्युमिनियमचं वजन लोखंडाच्या जेमतेम तिसऱ्या हिश्श्याएवढं, आणि गंजायचं नाव नाही. भीती एकच, रिव्हेट ढिले होतात. दाजींनी होडी दोन विटांवर ठेवायला लावली आणि बादलीनं आत पाणी ओतायला सुरुवात केली.

मालक कासावीस झाला. "लोक होडीतलं पानी भायेर काढतेत, तुमी आत घालायलाव?"

दाजी बोलले नाहीत. पालथे पडून ते तळ निरखत होते. दोन रिव्हेटांपाशी थेंब जमला, लोंबला, टपकला. दाजींनी खिशातून खडू काढून तिथं फुल्या मारल्या. नोकरीत असताना ते डब्यांना मारायचे तशाच. त्या फुल्यांनी किंमत जेवढी खाली आली तेवढी माझ्या घासाघिशीनं आली नसती.

होडी छोट्या हत्तीत चढली, पण निम्मी मागं लोंबत राहिली. ड्रायव्हर म्हणाला, लाल फडकं बांधा. आत्यानं येलदरीच्या बाजारात घेतलेला ब्लाऊजपीस जड जीवानं काढून दिला.

गल्लीत होडी उतरेपर्यंत निम्मी पूर्णा जमली. ताईनं दारातूनच विचारलं, "ठिवायची कुठं?" त्यावर दाजी उत्तर शोधत असतानाच शेजारचे काका पुढं आले. पोराचं लग्न आठवड्यावर होतं. "दाजी, चार दिवस द्याल का? बर्फ टाकून बाटल्या गार करायच्यात."

दाजी विचारात पडले. मग म्हणाले, "न्या. पण बर्फ फोडायचा तो भायेर. रिव्हेट हायेत."