दहा अधिक एक

रावेरात राहून अमेरिकेतल्या बास माशासाठी घडवलेलं रीळ कशाला लागतं, या प्रश्नाचं उत्तर माझ्याजवळ तयार आहे. पण ते लांबलचक आहे आणि पुरं होण्याआधीच बायको कुकर लावायला उठते. तापीत बास नाही, सुकीत नाही, हतनूर धरणाच्या 41 दरवाजांच्या अलीकडे नाही आणि पलीकडेही नाही, हा तिचा मुद्दा. तो मी खोडून काढू शकत नाही. पण मरळ आहे ना! गवताच्या आडोशाला दबा धरून बसायचं आणि वरून बेडूक सरकला की पाणी फोडून त्याच्यावर झडप घालायची, ही बासची खोड मरळेलाही आहे. म्हणून बासचं सामान मरळेला चालतं. हे मी समजावून सांगितलं, तर ती म्हणाली, "चालत असंन. पन मरळ लागते का त्याले?"

मूळ रोग डॅलसच्या शालकाकडून आला. तो सुटीच्या दिवशी लेक फोर्कवर जातो, बास धरतो, त्याला छातीशी घेऊन फोटो काढतो आणि परत पाण्यात सोडतो. ते फोटो पाहून सासूबाई कळवळल्या. "सोडून देते? मंग पकडते कशाले बापा?" शालकाने यावर इंग्रजीत उत्तर दिलं.

मीही सोडूनच देतो. माझ्या आईच्या गळ्यात तुळशीची माळ आहे. मासा आमच्या उंबऱ्याच्या आत येणं या जन्मात शक्य नाही. शालक याला माझं तत्त्व समजतो आणि त्याच्या मित्रांना अभिमानाने सांगतो. मी त्याचा गैरसमज दूर केलेला नाही.

जगातला सर्वांत मोठा बास मात्र कुणी सोडला नव्हता. 2 जून 1932 रोजी जॉर्जिया राज्यात जॉर्ज पेरी नावाच्या तरुण शेतकऱ्याने तो धरला. 22 पौंड 4 औंस, म्हणजे दहा किलोच्या वर. वजनाची नोंद झाली आणि मासा पेरीच्या घरी शिजला. पुढे जपानच्या बिवा तलावात मानाबू कुरिता यांनी त्याच्या तोडीचा मासा धरला तो 2009 मध्ये. तोवर 77 वर्षं तो विक्रम कुणाला गाठता आला नाही. पेरी आणि त्याचा मित्र, दोघांत मिळून त्या दिवशी एकच काठी आणि एकच रीळ होतं. एवढा मोठा इतिहास सांगितला, तर बायकोने त्यातलं नेमकं तेवढंच उचललं. "दोघांत एक? अन् तुमच्या एकट्याजवळ किती हो?"

आता हे रीळ काय असतं ते सांगतो. साध्या रिळात फेकताना चक्री जागेवर बसलेली असते आणि दोरा तिच्यावरून सुटत जातो. बेटकास्टिंग रिळात चक्री स्वतः गरगर फिरते. लूर, म्हणजे दोऱ्याच्या टोकाचं खोटं आमिष, हवेत मंदावतं, पण चक्रीला त्याची खबर नसते. ती दोरा सोडतच राहते, दोऱ्याला पुढे जायला वाट नसते आणि क्षणात रिळावर शेवयांचं वाळवण मांडल्यासारखा पसारा उभा राहतो. याला बॅकलॅश म्हणतात. तो होऊ नये म्हणून चक्रीवर अंगठा ठेवायचा. किती दाबायचा हे अंगठ्यालाच कळावं लागतं. ते शिकायला वर्षं लागतात. तेवढा धीर नसलेल्या माणसांसाठी कंपन्यांनी निरनिराळे ब्रेक काढले आहेत, आणि माझ्यासारख्या माणसांसाठी त्या ब्रेकचे निरनिराळे प्रकार.

रीळ निवडायचं म्हणजे रात्रीची झोप गेली. एक गिअर रेशो 5.4, एक 6.3, एक 7.1, एक 8.1. हँडलच्या एका फेऱ्यात चक्री किती फेरे घेते त्याचा हा हिशेब. मरळेला गवतातून झटक्यात बाहेर काढायचं तर 7.1 बरं, खोल पाण्यातून लूर सावकाश ओढायचं तर 5.4. मग दोरा वेणीचा घ्यायचा की मोनो, काठी साडेसहा फुटी की सात फुटी, हँडल डावीकडे हवं की उजवीकडे. केळीच्या घडावर किती फण्या ठेवायच्या आणि किती काढायच्या यावर मी इतका विचार कधी केलेला नाही. पार्सल आलं की "ठिबकचं सामान" म्हणून सांगायची घरात पद्धत पडली आहे. दोन एकरांच्या बागेत आता कागदोपत्री इतकं ठिबक आहे की त्यावर निंभोऱ्यापर्यंतचं रान भिजावं.

रीळ निवडलं की ते साधायचं असतं. यातच खरी मजा. हँडलजवळ एक छोटी गुंडी असते. लूर टोकाला लटकवायचं, अंगठ्याने पट्टी दाबायची आणि गुंडी हळूहळू सैल करत न्यायची. लूर सावकाश खाली उतरून जमिनीला टेकलं की त्याच क्षणी चक्री थांबली पाहिजे. मग बाजूची तबकडी उघडायची. आत प्लॅस्टिकचे बारके तुकडे असतात. चक्री जोरात फिरली की ते बाहेरच्या बाजूला फेकले जातात आणि घासून तिला आवरतात. किती तुकडे चालू ठेवायचे ते आपण ठरवायचं. दुसऱ्या जातीच्या रिळात लोहचुंबक असतो, त्याला बाहेरून 0 ते 10 आकडे. वारा तोंडावर असेल तर ब्रेक वाढवायचा, पाठीशी असेल तर कमी करायचा. बेडकाचं पोकळ रबरी लूर बारा-पंधरा ग्रॅमचं, त्याला एक मांडणी. हलक्या लूरला दुसरी. हा सगळा अभ्यास मी घरामागच्या खळ्यात करतो, गळ काढून, नुसतं वजन बांधून. बायकोच्या कुरडया उन्हात असतात तेव्हा नेम फार सुधारतो. एकदा शेजारचे आप्पा बराच वेळ कुंपणाला टेकून पाहत होते. शेवटी न राहवून म्हणाले, "भाऊ, पानी तं तिकडी हाये."

तर या रिळातून एक दिवस घर्र आवाज यायला लागला. वाळूचा कण आत गेला असावा. विकणाऱ्याला फोन केला, तर तो म्हणाला मुंबईला पाठवा, दोन महिने लागतील. मी रीळ रुमालात बांधलं आणि बाजारातल्या घड्याळवाल्या चाचांकडे गेलो.

चाचांनी डोळ्याला भिंग लावलं, रीळ कानाशी धरलं आणि हँडल हळूच फिरवलं. "भाऊ, याच्यात ज्वेल किती?"

मी म्हटलं, ज्वेल नाही, बेअरिंग. दहा अधिक एक. हे सांगताना माझी मान जरा ताठ झाली असणार, कारण चाचा भिंगाच्या आतून हसले. त्यांच्या उमेदीत लोक घड्याळाचे ज्वेल, म्हणजे चाकांच्या आसाखालचे बारके खडे, असेच मोजायचे. एचएमटी जनता, 17 ज्वेल. कुणी 21 ज्वेलचं आणलं की चार दिवस गल्लीत बाही वर करून फिरायचा. पुढे परदेशातल्या कंपन्यांनी 100 ज्वेलची घड्याळंसुद्धा काढली. चालत्या चाकाला जेवढे लागतात तेवढे लागतात, म्हणाले चाचा, वरचे शोभेचे. माझ्या दहांपैकी शोभेचे किती, हे मी विचारलं नाही.

मला मात्र तिथे बसल्याबसल्या जुन्या वाचनाचा झटका आला. हे यंत्र मुळात घड्याळवाल्यांचंच! अमेरिकेतल्या केंटकी राज्यात 1820 च्या आसपास जॉर्ज स्नायडर नावाच्या घड्याळ दुरुस्तीवाल्याने दात्यांची चाकं घालून अशी रिळं केली. हँडलचा एक फेरा, चक्रीचे अनेक. त्याच्यामागून मीक बंधू आले, तेही घड्याळवाले. त्यांच्या पुढच्या काळातल्या काही रिळांत घड्याळासारखे खरोखरीचे ज्वेल बसवलेले असत. मग स्वीडन. तिथल्या स्वँगस्टा गावात 1921 मध्ये अबू हा कारखाना निघाला तो खिशातल्या घड्याळांसाठी. मग ते टॅक्सीचे मीटर करू लागले. महायुद्धात टॅक्सी बसल्या, मीटरला गिऱ्हाईक राहिलं नाही, तेव्हा त्याच कारागिरांनी मासेमारीची रिळं करायला घेतली. 1952 मध्ये त्यांचं लाल रंगाचं ॲम्बॅसॅडर 5000 आलं. ते अजून म्हातारी माणसं तिजोरीत ठेवतात. एवढी सगळी वंशावळ मी चाचांना ऐकवली. ते ऐकत होते आणि तोवर त्यांनी रीळ उघडून पांढऱ्या कागदावर क्रमाने मांडलंसुद्धा होतं. मी स्वतः उघडलं की नेहमी एक वॉशर उरतो. त्यांनी पेट्रोलमध्ये बेअरिंग धुतलं, वाळवलं, सुईच्या टोकाने तेलाचा एकच थेंब. मी घरी पाच-सहा थेंब घालत असे.

"मीटर करायचे, मग हे केलं?" चाचांनी विचारलं. "चांगलं झालं त्यांचं."

मग मीच गप्प झालो. बंगळुरूला 1961 मध्ये जपानच्या सिटिझन कंपनीच्या मदतीने एचएमटीचा घड्याळाचा कारखाना सुरू झाला आणि 2016 मध्ये एचएमटी वॉचेस बंद करण्याचा निर्णय सरकारने घेतला. चाचांच्या कपाटात अजून पायलट आणि कोहिनूर टांगलेली आहेत, कुणी दुरुस्तीला टाकून न्यायला न आलेली. आता त्यांच्याकडे येतात ते सेल बदलायला. त्यांच्या बोटांना रीळ हाती लागल्यावर जो आनंद झाला तो मला स्पष्ट दिसत होता. पैसे घ्या म्हटलं, तर घेईनात. "याच्यात माझं काम काय होतं, खेळलोच मी." शेवटी मी सेल बदलायला घड्याळ दिलं आणि त्याचे जरा जास्त पैसे दिले. त्यांनी जास्तीचे मोजून परत केले.

बाराव्या शतकातल्या चालुक्य राजा सोमेश्वराच्या मानसोल्लासात मत्स्यविनोद नावाचं प्रकरण आहे. कोणत्या माशाला कसलं आमिष, गळाला कसं बसायचं, सगळं त्यात आहे. राजाने हा विनोद म्हटला, म्हणजे करमणूक. मीही लोकांना तेच सांगतो. पण त्यात थोडी लबाडी आहे.

केळीवाल्याच्या हातात एकही गुंडी नसते. उन्हाळ्यात पारा 45 च्या वर गेला की बागेच्या कडेला हिरव्या जाळ्या बांधायच्या आणि वर बघत बसायचं. हिवाळ्यात थंडीचा चरका. पानावर करपा, पोंग्यात सीएमव्हीचा रोग. भाव एक छापला जातो आणि व्यापारी हातावर टेकवतो तो दुसरा. विचारलं तर म्हणतो, माल बारीक आहे. आणि मृगाच्या तोंडावर वादळ. कापणीला आलेली झाडं, घडाच्या वजनाने आधीच वाकलेली, अर्ध्या तासात एका दिशेला पडतात. आमची पडली त्या दिवशी पंचनाम्याला आलेल्या माणसाने फोटो काढले, नाव लिहून घेतलं आणि तो पुढच्या बांधावर गेला. तिकडेही तेच.

रात्री मी ओट्यावर रीळ घेऊन बसलो होतो. तबकडी उघडायची, लावायची. बायको बाहेर आली. मला वाटलं आता ठिबकचा हिशेब निघणार. निघायला हरकतही नव्हती. ती शेजारी बसली, रीळ हातात घेतलं आणि चुंबकाच्या आकड्यांवर नखाने टकटक करत म्हणाली, "वारा आहे अजून. सातवर ठेवू का आठवर?"

तिला आकडे येतात हे मला तोवर माहीत नव्हतं. मी म्हटलं, आठवर.

दुसऱ्या दिवशी तिने पार्सलांचा हिशेब काढलाच. तो निराळा विषय आहे.

मासा लागतो का, हे राहिलंच. लागतो. ऐनपूरच्या बाजूला बॅकवॉटरच्या उथळ गवतात सकाळच्या वेळी एक मरळ लागली होती. मच्छीमार सोसायटीच्या माणसांना विचारून गेलो होतो; ठेका त्यांचा आहे. बेडूक पानांवरून ओढत होतो, पाणी फाटलं, आणि 7.1 चं रीळ असूनही मी पहिल्या झटक्यालाच ओढलं नाही, हे मुद्दाम नमूद करतो. मरळ झडप घालते, मग तोंड मिटते. मधल्या क्षणी ओढलं की बेडूक रिकामा परत येतो. आली ती काठाशी, तर पाठीमागे पाण्यात तांबूस पिलांचा एक गोळा हलत होता. मरळ पिलांना एकटं सोडत नाही, आणि पिलांवर असलेली मरळ कशावरही धावून येते. म्हणजे माझी मांडणी, ब्रेक, रेशो यांचा तिच्या लागण्याशी फारसा संबंध नव्हता. तिच्या अंगणात काहीतरी आलं म्हणून ती हाकलायला आली होती. गळ काढून तिला सोडलं. ती सरळ पिलांकडे गेली. शालकाला फोटो पाठवला. त्याने विचारलं, सेटिंग काय होतं? मी सविस्तर कळवलं.

चाचांनाही फोटो दाखवला. त्यांनी मासा पाहिला न पाहिल्यासारखा केला आणि ते लाल रीळ आपल्याकडे कुठे मिळेल का, असं विचारलं. आतली चाकं एकदा बघायची आहेत म्हणे. जुन्या सामानाचा धंदा करणारा एक माणूस सापडला आहे. किंमत ऐकून मी फोन खाली ठेवला होता, मग पुन्हा उचलला. नवीन लावणीचं बेणं आणायचं आहे, त्याच आठवड्यात हे पार्सल येईल. पत्ता मी चाचांच्या दुकानाचा दिला आहे. ठिबकवर आता घरात कुणाचाच विश्वास उरलेला नाही.