गाडी वसूल होईपर्यंत

पेट्रोल आणि डिझेल यांच्या स्वभावातला फरक मला कुठल्याही मेकॅनिकपेक्षा माझ्या सासुरवाडीने जास्त चांगला समजावून दिला. पेट्रोलच्या इंजिनात हवा आणि पेट्रोल एकत्र दाबलं जातं आणि मग स्पार्क प्लग त्यात ठिणगी टाकतो. म्हणजे पेटण्यासाठी कुणीतरी काडी लावावी लागते. डिझेलच्या इंजिनात काडी लावणारं कुणी नसतं. आत नुसती हवा घ्यायची, ती इतकी दाबायची की दाबानेच भयंकर तापते, आणि मग तिच्यात डिझेलचा फवारा मारायचा. ते स्वतःचं स्वतः पेटतं. माझा मेव्हणा पहिल्या जातीचा. कुणी कानाशी काही बोललं की भडकतो आणि चहा येईपर्यंत विझतो. माझे सासरे अण्णा दुसऱ्या जातीचे. ते कितीतरी दिवस काही बोलत नाहीत, दाबत राहतात, पण एकदा सुरू झाले की साताऱ्याहून निघून महाबळेश्वर आलं तरी बंद होत नाहीत. मेव्हण्याकडे पेट्रोल गाडी आहे आणि अण्णांच्या आग्रहाने आमच्याकडे डिझेल आली, हा योगायोग नसावा.

आग्रहाला कारण मात्र सरकारने पुरवलं. 2010 च्या जूनमध्ये पेट्रोलचे भाव मोकळे सोडण्यात आले आणि डिझेलचे धरून ठेवण्यात आले. एसटी, मालट्रक, शेतातले पंप आणि ट्रॅक्टर डिझेलवर चालतात, त्यांची काळजी म्हणून. त्या काळजीचा लाभ घ्यायला कोथरूड, ठाणे आणि नाशिकचे नोकरदारही हिरिरीने पुढे सरसावले. 2012 च्या उन्हाळ्यात पेट्रोल लिटरला 75 रुपयांच्या पुढे गेलं होतं आणि डिझेल 45 च्या आसपास होतं. डिझेलच्या लहान गाडीसाठी महिनोन्महिने नंबर लावून थांबावं लागे, आणि ज्याला ती मिळे तो ॲव्हरेज सांगताना आवाज खाली आणून सांगे, शेजाऱ्याची नजर लागू नये म्हणून.

अण्णा बँकेतून निवृत्त झालेले. त्यांनी वही उघडली.

"जावईबापू, हिशेब साधा आहे. डिझेल गाडी लाखभर महाग. पेट्रोल गाडी लिटरला पंधरा देईल, डिझेल वीस देईल. म्हणजे पेट्रोलला किलोमीटरमागे पाच रुपये, डिझेलला सव्वादोन. वाचले पावणेतीन. छत्तीस हजार किलोमीटर झाले की गाडी वसूल!"

मी नम्रपणे सांगितलं, "अण्णा, माझं ऑफिस घरापासून पाच किलोमीटरवर आहे आणि मी स्कूटरने जातो."

अण्णांनी वही मिटली. "मग फिरा," ते म्हणाले.

आणि आम्ही फिरायला लागलो. ज्यांच्या बारशाला गेलो नव्हतो त्यांच्या मुंजीला गेलो. बायकोच्या चुलतमावशीचे दीर निवृत्त झाले, तर त्यांच्या सत्काराला सोलापूरला गेलो. सत्कारमूर्तींनी आम्हाला मंडपवाले समजून पैसे संध्याकाळी देतो म्हणून सांगितलं. सोलापूरला आलोच आहोत तर अक्कलकोट, अक्कलकोटला आलोच आहोत तर गाणगापूर. प्रत्येक किलोमीटरला पावणेतीन रुपये वाचत होते. हॉटेल, आहेर, टोल आणि वाटेतल्या साड्या यांचा खर्च होत होता, पण तो अण्णांच्या वहीत नव्हता. त्यांच्या वहीत फक्त बचतीचा रकाना होता. इतकी बचत आमच्या घराला पुढे कधीच परवडली नाही.

त्या दिवसांत फियाटचं 1248 सीसीचं डिझेल इंजिन स्विफ्टपासून इंडिका व्हिस्टापर्यंत कितीतरी गाड्यांत बसलेलं असायचं, आणि आपल्या रांजणगावच्या कारखान्यातही ते बनत होतं. इटलीचं इंजिन महागणपतीच्या गावी बनतं हे कळल्यावर अण्णांचा डिझेलवरचा विश्वास श्रद्धेत बदलला. त्या श्रद्धेपोटी अष्टविनायकही झाले. तेवढेच किलोमीटर.

आता चालवण्याबद्दल. दोन्ही गाड्यांना तेच तीन पेडल आणि तेच पाच गिअर असतात, त्यामुळे एक चालवता आली की दुसरी आलीच असं वाटतं. येत नाही. फरक चावी फिरवण्याआधीच सुरू होतो. डिझेल गाडीच्या डॅशबोर्डवर थंडीत स्प्रिंगच्या आकाराचा एक पिवळसर दिवा लागतो. सिलिंडरमधले हीटर तापताहेत, जरा थांबा, असा त्याचा अर्थ. हे थांबणं दोन-चार सेकंदांचं असतं. पण अण्णा शेजारी बसले की तेवढा वेळ गाडीत कुणी बोलायचं नाही, सीटबेल्टसुद्धा लावायचा नाही. दिवा विझला की ते मान हलवतात, मग चावी. घरी परतल्यावर पुन्हा तेच. गाडी उभी केल्यावर "टर्बो थंड होऊ द्या" म्हणून इंजिन तसंच चालू ठेवायला लावतात. दमून आलेली बायको, मुलगी आणि आंब्याची पेटी टर्बो थंड होईपर्यंत गाडीत बसून राहतात. मेव्हणा तोपर्यंत आपली गाडी लावून, वर जाऊन, पंखा लावून आडवा झालेला असतो.

खरी परीक्षा खंबाटकी घाटात. एकदा पुण्याहून साताऱ्याला दोन्ही गाड्या बरोबर निघाल्या होत्या आणि शिरवळला चहाच्या वेळी मेव्हणा म्हणाला, "दाजी, आज तुम्ही माझी चालवा, मी तुमची आणतो." मी त्याच्या पेट्रोल गाडीत बसलो आणि पहिली दहा मिनिटं स्वर्गात होतो. क्लच म्हणजे नुसता पाय टेकवायचा. डिझेल गाडीच्या क्लचवर मी इतकी वर्षं पाय दाबत आलो आहे की माझी डावी पोटरी उजवीपेक्षा जाड आहे, असं बायको पाहुण्यांना दाखवून सांगते. आणि शांतता तर अशी की मागच्या सीटवर बायको आणि तिची वहिनी माझ्याबद्दल काय बोलताहेत ते मला प्रथमच शब्दन् शब्द ऐकू आलं. डिझेलच्या घरघरीने माझा संसार किती सांभाळला होता हे तेव्हा कळलं.

मग चढ सुरू झाला. पुढे दोन ट्रॉल्या ऊस लादलेला ट्रॅक्टर, त्याच्या टेपवर मोठ्याने गाणी. मी सवयीने चौथ्यात होतो आणि सवयीनेच ॲक्सिलरेटरवर हलका पाय दिला. काही झालं नाही. आणखी दिला. इंजिनाचा आवाज वाढला, गाडी होती तिथेच. तिसरा टाकला. मागून वहिनी शांतपणे म्हणाल्या, "भावोजी, एसी बंद करा, घाट आलाय." ही सूचना पेट्रोलच्या लहान गाडीत पाच माणसं बसली की घाटाघाटात दिली जाते आणि ती देणारी व्यक्ती नेहमी मागच्या सीटवर असते. एसी बंद केला, काचा खाली केल्या, दुसरा टाकला, पाय पुरा दाबला, आणि इंजिन किंचाळायला लागल्यावर मात्र गाडी अशी उसळली की ट्रॅक्टर कधी मागे पडला ते कळलंही नाही.

यात त्या गाडीचा दोष नव्हता, तिची रीतच तशी. त्या काळच्या स्विफ्टचं उदाहरण घ्या. पेट्रोलच्या 1197 सीसी इंजिनाची ताकद डिझेलपेक्षा जास्त होती, 75 च्या जागी 85 च्या पुढे हॉर्सपॉवर. पण गाडी ओढायला लागतो तो टॉर्क. तो पेट्रोलला 114 न्यूटन मीटर, तोही 4000 फेऱ्यांच्या आसपास. डिझेलला 190, आणि तो 2000 लाच. म्हणजे पेट्रोल गाडी पळवली की ओढते, डिझेल गाडी ओढत ओढत पळते.

तिकडे मेव्हणा माझ्या गाडीत वेगळ्याच अवस्थेत होता. तो पेट्रोलवाला, दुसऱ्यात रेस देऊन ओव्हरटेक करणारा. डिझेलमध्ये टर्बो खालच्या फेऱ्यांना जागाच नसतो. सकाळी हाक मारल्यावर "हो, उठलो" म्हणून पुन्हा झोपणाऱ्या पोरासारखा. मेव्हण्याने ट्रकला ओलांडायला गाडी बाहेर काढली, पाय दाबला, टर्बो "हो, उठलो" म्हणाला आणि पुढे काहीच नाही. समोरच्या ट्रकवर लिहिलेलं "पुन्हा भेटू" त्याने तीनदा वाचलं. मग अचानक टर्बो जागा झाला आणि गाडीने असा हिसका दिला की अण्णांच्या हातातला लाडू मागे माझ्या मुलीकडे गेला. अण्णा रागावले नाहीत. "पुलिंग बघितलंस?" म्हणाले.

घाटात डिझेल जिंकते हे मान्य करूनही सांगतो, शहरात मला पेट्रोलचा हेवा वाटतो. पेठेतल्या बोळात, भाजी घेता घेता गप्पा मारणाऱ्यांच्या मागे, दर दोन मिनिटांनी थांबत, वळत, मागे घेत जाताना पेट्रोल गाडी हातात मावते. डिझेलचं इंजिन जड, त्यामुळे गाडीचं नाकही जड. एक गोष्ट मात्र डिझेलची मोठी. हिंजवडीच्या वाटेवर गाड्या मुंगीच्या चालीने सरकत असताना क्लच सोडून द्यावा, ॲक्सिलरेटरला पाय लावू नये, गाडी आपली आपण पुढे जात राहते. बाजूचा पेट्रोलवाला हाफ क्लचवर घाम गाळत असतो. आपण चिक्की खायची.

आणि डिझेलवाल्याला चोरून काही करता येत नाही. रात्री मी चौकात वळलो की आमचा वॉचमन गेट उघडायला उठतो. तिसऱ्या मजल्यावर बायको भाजी गरम करायला ठेवते. मेव्हणा रात्री किती वाजता घरी येतो हे त्याच्या बायकोला अजून माहीत नाही.

ज्याच्या नावाने हे सगळं चाललं आहे तो रुडॉल्फ डिझेल मला अण्णांचा मानसपूर्वज वाटतो. पॅरिसमध्ये जन्मलेला हा जर्मन इंजिनीअर वाफेच्या इंजिनात कोळशाची किती उष्णता फुकट जाते या विचाराने अस्वस्थ झाला. 1892 मध्ये त्याने पेटंटसाठी अर्ज केला आणि 1897 मध्ये ऑग्सबर्गला त्याचं इंजिन नीट चाललं, तेव्हा त्याने इंधनातल्या उष्णतेचा चौथ्या हिश्श्याहून थोडा जास्त भाग कामाला लावून दाखवला. जगातलं पहिलं ॲव्हरेज त्याने काढलं, असं अण्णा मानतात. 1900 च्या पॅरिस प्रदर्शनात एक डिझेल इंजिन शेंगदाण्याच्या तेलावर चालवून दाखवलं होतं. आज शेंगतेलाचा भाव पाहता ते पेट्रोलवाल्यांनी घडवून आणलं असावं. 1913 मध्ये बोटीने इंग्लंडला जात असताना रुडॉल्फ रात्रीत नाहीसा झाला. पुढे समुद्रात त्याचा मृतदेह सापडला. हे ऐकल्यावर अण्णा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "बोट कशावर चालत होती?" कोळशावर, म्हटल्यावर त्यांना सगळा उलगडा झाला.

आमचे छत्तीस हजार किलोमीटर भरत आले आणि 2014 च्या ऑक्टोबरमध्ये डिझेलचेही भाव मोकळे झाले. दोन्हींतलं अंतर कमी होत गेलं. 2020 च्या जूनमध्ये तर दिल्लीत डिझेल पेट्रोलपेक्षा महाग झालं. त्या दिवशी मेव्हण्याने आम्हा सर्वांना व्हॉट्सॲपवर पेढ्यांचा फोटो पाठवला. त्याच वर्षी एप्रिलपासून भारत स्टेज सहाचे प्रदूषण नियम आले आणि मारुतीने डिझेल गाड्या बनवणंच थांबवलं. डिझेल इंजिन स्वच्छ करायला लागणारी यंत्रणा लहान गाडीच्या किमतीला झेपेना. दिल्लीत तर दहा वर्षं झालेल्या डिझेल गाड्या म्हाताऱ्या ठरवल्या गेल्या, पेट्रोलला पंधरा वर्षं. हा पक्षपात अण्णांना अजून सहन होत नाही.

तरीही दुसरी गाडी घ्यायची वेळ आली तेव्हा आम्ही डिझेलच घेतली. आता लाखाच्या जागी दीड लाख जास्त आणि किलोमीटरमागे बचत अडीच रुपयांच्या आत. अण्णांनी वहीत आकडेमोड केली आणि उत्तर मला दाखवलं नाही. पण खंबाटकीतला तो हिसका एकदा पाठीला लागला की वही उपयोगी पडत नाही.

नव्या गाडीत दोन नव्या भानगडी आहेत. एक म्हणजे युरियाची टाकी. युरियाचं पाणी धुरात फवारलं जातं आणि विषारी वायू निवळतात. आमचा फलटणकडचा एक भाऊबंद ऊस लावतो. मी पंपावर युरियाचा कॅन घेताना पाहून तो म्हणाला, "आम्ही पोत्यासाठी रांगेत, अन् तुम्ही गाडीला पाजताय? किती कांड्यांवर आलीय?"

दुसरी भानगड काजळीच्या फिल्टरची. धुरातली काजळी त्यात साठते, आणि ती जाळायला गाडी मोकळ्या रस्त्यावर काही वेळ एका लयीत पळवावी लागते. शहरातल्या शहरात फिरवत राहिलात की फिल्टर भरतो आणि डॅशबोर्डवर दिवा लागतो. म्हणजे पूर्वी गाडी वसूल करायला फिरावं लागे. आता गाडी स्वतःच सांगते, मला बाहेर न्या.

मागच्या पावसाळ्यानंतर एका शुक्रवारी संध्याकाळी तो दिवा लागला. मी फोन केला तेव्हा अण्णा गंभीर झाले. "जवळपास नेऊन भागायचं नाही," म्हणाले. "मला साताऱ्याहून घ्या. कोयनेवरून कुंभार्ली घाट उतरू, गुहागरपर्यंत जाऊन येऊ. इंजिनाचा प्रश्न आहे." शनिवारी पहाटे आम्ही निघालो. कात्रजचा बोगदा ओलांडून गाडी लयीत आली आणि दिवा शिरवळच्या आतच विझला. मी बायकोकडे पाहिलं, तिने दिव्याकडे पाहिलं आणि खिडकीबाहेर पाहू लागली. साताऱ्याला अण्णा पिशवी घेऊन तयारच होते. बसता बसता त्यांनी चष्मा लावून डॅशबोर्ड नीट निरखला आणि चष्मा काढून खिशात ठेवला.

"चिपळूण येईपर्यंत काही सांगता येत नाही," ते म्हणाले.

गुहागरला दोन रात्री राहिलो. खोलीचं भाडं, चार सुरमई थाळ्या आणि सोलकढीचे जादा ग्लास अण्णांनी वहीत 'फिल्टर सफाई' या खात्यावर लिहिले.